छत ही खरेदी नव्हे

मार्च उजाडला की भोसरी, सातपूर, वागळे इस्टेट, हिंगणा अशा जुन्या औद्योगिक वसाहतींत एक ठरलेली लगबग सुरू होते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या शेडचे पत्रे आता थकले आहेत. कुठे तडे गेलेत, कुठे डांबराच्या पट्ट्यांवर पट्टे चढलेत. पावसाच्या आत छत बदलायचं असतं. कारखानदार दोन-तीन फॅब्रिकेटरना बोलावतो आणि कुणी शिडी लावून वर चढायच्या आधीच पहिला प्रश्न येतो : ‘स्क्वेअर फुटाला काय पडेल?’ तीन कोटेशनं येतात. त्यातला सर्वांत खालचा आकडा निवडला जातो, त्यातूनही थोडं घासाघीस करून कमी करून घेतलं जातं आणि मेअखेर निळंशार नवं छत उभं राहतं. भिवंडीच्या गोदामापासून तालुक्याच्या मंगल कार्यालयापर्यंत आणि बाजार समितीच्या लिलावगृहापर्यंत हीच रीत आहे.

या रीतीची मला चीड आहे. या पद्धतीने निवडलेलं छत पुढची पंधरा-वीस वर्षं शेकडो माणसांच्या डोक्यावर राहतं आणि ते निवडताना त्या माणसांचा विचार एकदाही झालेला नसतो.

या रीतीच्या बाजूने जे बोललं जातं ते आधी नीट मांडतो, म्हणजे प्रतिपक्षावर अन्याय व्हायला नको. म्हणणं असं : छताचं काम पाणी अडवण्याचं. ते पत्रा करतो. पत्रा तो पत्रा. सगळ्यांचं पोलाद त्याच चार-पाच मोठ्या कारखान्यांतून येतं, मग जास्त पैसे कशाला मोजायचे? वर कंपनी दहा वर्षांची वॉरंटी लिहून देते. सांगाडा जुना असला तरी त्या काळचं लोखंड दणकट आहे, शिवाय नवा पत्रा जुन्यापेक्षा हलका, म्हणजे सांगाड्याचा भार उलट कमीच होतो. जुने सिमेंटचे पत्रे आमच्या वडिलांनी हातांनी चढवले, त्यांना काही झालं नाही. उकाडा उन्हाळ्यात असतोच, पंखे लावू. आणि शेवटचा, सर्वांत वजनदार मुद्दा : धंद्यातला पैसा मशिनवर लावावा, छत काही उत्पादन देत नाही.

यातलं प्रत्येक वाक्य ऐकायला व्यवहारी वाटतं आणि प्रत्येक वाक्य चूक आहे. एकेक घेऊ.

‘पत्रा तो पत्रा’. बाजारात ०.५० मिलिमीटरचा म्हणून जो रंगीत पत्रा मिळतो त्यात पोलाद किती असतं? ही जाडी बहुधा टीसीटी, म्हणजे लेप आणि रंग धरून मोजलेली एकूण जाडी असते. लेप आणि रंग वजा करा, म्हणजे मूळ पोलादाची जाडी, बीएमटी, ०.४२ ते ०.४५ मिलिमीटरवर येते. भार पेलतं ते पोलाद. रंग भार पेलत नाही. एका कोटेशनमध्ये ०.५० टीसीटी आणि दुसऱ्यात ०.५० बीएमटी लिहिलेलं असेल, तर त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे भाव शेजारी ठेवून तुलना करणं ही स्वतःचीच फसवणूक आहे. धान्य घेताना आपण पोत्याचं वजन वजा करून भाव ठरवतो. मग लाखो रुपयांचा पत्रा घेताना हा साधा हिशेब का सुटतो?

जाडीनंतर लेप. आज चांगल्या पत्र्यावर ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि उरलेला बहुतांश जस्त असा मिश्र लेप असतो. एझेड १५० याचा अर्थ दोन्ही बाजूंना मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप. बाजारात एझेड ७० सुद्धा मिळतो, म्हणजे लेप निम्म्याहून कमी. दोघांवर सारखाच निळा रंग मारला की नुसत्या डोळ्याला फरक दिसत नाही. तो दिसतो पाच-सहा पावसाळ्यांनंतर, पत्र्याच्या कापलेल्या कडांवर. लेपानंतर रंग. साधं पॉलिएस्टर, सिलिकॉन मिसळलेलं पॉलिएस्टर, सुपर ड्युरेबल पॉलिएस्टर आणि पीव्हीडीएफ या चढत्या टिकाऊपणाच्या चार पायऱ्या आहेत. साधा रंग उन्हात लवकर विटतो, त्यावर हात फिरवला की खडूसारखी भुकटी निघते. लोटे परशुराम, महाड, तारापूर अशा रासायनिक वसाहतींत, जिथे हवेत आम्लाची वाफ असते, तिथे लेप आणि रंगाची निवड हाच छताच्या आयुष्याचा निर्णय असतो. तो निर्णय ‘निळा की हिरवा’ एवढ्यावर कसा आटोपतो?

त्यात आणखी एक खोच आहे. पत्र्याची पूर्ण रुंदी वेगळी आणि शेजारच्या पत्र्यावर चढणारा ओव्हरलॅप वजा जाता प्रत्यक्षात झाकली जाणारी रुंदी वेगळी. एकजण भाव पुरवलेल्या पत्र्याच्या चौरस फुटावर देतो, दुसरा झाकलेल्या छताच्या चौरस फुटावर. कमी दिसणारा आकडा बिलात जास्तही होऊ शकतो. म्हणजे ज्या एकमेव कसोटीवर सगळा निर्णय घेतला, तो चौरस फुटाचा भावसुद्धा धड तपासलेला नसतो.

‘कंपनीची वॉरंटी आहे’. वॉरंटीचा कागद शेवटच्या पानापर्यंत वाचलेला मालक विरळा. या कागदात बहुतेक वेळा वचन असतं ते पत्रा गंजून आरपार भोक पडणार नाही याचं आणि रंग अमुक प्रमाणापेक्षा जास्त उडणार नाही याचं. समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आत ती लागू होत नाही, रासायनिक धुराच्या जागी होत नाही, पाणी साचलं तर होत नाही, कापलेल्या कडांना होत नाही. आणि स्क्रूच्या भोकातून पाणी आलं तर? ते बसवणाऱ्याचं काम, पत्रा बनवणाऱ्याचं नव्हे. बसवणारा तर सर्वांत कमी भावाचा म्हणून निवडलेला. तीन वर्षांनी त्याचा फोन लागेलच याची शाश्वती काय? छत म्हणजे पत्रा, स्क्रू, वायसर, रिज (छताच्या माथ्यावरची पट्टी), फ्लॅशिंग (कडा आणि सांधे झाकणाऱ्या पट्ट्या), गटर आणि कारागिराचा हात यांचा मिळून बनलेला एक जोड आहे. त्यातल्या एकाच घटकाला वॉरंटी आहे, म्हणून छताला वॉरंटी आहे असं कसं म्हणता येईल?

‘पाणी अडलं की झालं’. ठीक, पाण्याबद्दलच बोलू. पाणी पत्र्यातून येत नाही. ते येतं स्क्रूच्या भोकातून, दोन पत्र्यांच्या जोडातून, रिजखालून आणि सर्वांत जास्त दोन शेडच्या मधल्या गटारातून. हजार चौरस मीटरच्या छतावर काही हजार स्क्रू असतात. प्रत्येक स्क्रू म्हणजे छताला मुद्दाम पाडलेलं एक भोक. ते भोक ईपीडीएम रबराच्या एका छोट्या वायसरच्या भरवशावर बंद असतं. स्क्रू जास्त आवळला तर वायसर चेपून बाहेर येतो, कमी आवळला तर पाणी आत शिरतं. चौरस फुटाच्या भावाने काम घेतलेल्या कारागिराला घाई असते. त्याच्या हातातल्या यंत्राची आवळण्याची ताकद कोण तपासतं?

शिवाय पत्रा उन्हात वाढतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. तीस मीटर लांबीच्या पत्र्याच्या तापमानात पहाट आणि दुपार यांच्यामध्ये चाळीस अंशांचा फरक पडला, तर त्याची लांबी चौदा मिलिमीटरने बदलते. दोन्ही टोकांना आणि मध्येही स्क्रूने जखडलेला पत्रा ही हालचाल कुठे करणार? रोज थोडं थोडं स्क्रूच्या भोकावर. भोकं हळूहळू लांबट होतात आणि वायसर त्यांना झाकू शकत नाही. म्हणूनच लांब पत्र्यांसाठी सरकत्या क्लिपांवर बसणारी, वरून एकही भोक न पाडणारी स्टँडिंग सीम पद्धत आली. ती महाग आहे. पण लांबी पाहून पद्धत ठरवायची, की पद्धतीचा भाव पाहून लांबीकडे दुर्लक्ष करायचं?

आणि गटार. हजार चौरस मीटरच्या छतावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एका तासात एक लाख लिटर पाणी गटारात उतरतं. कोकणात आणि मुंबईत असे तास येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. छत बदलताना मधलं गटार ‘आहे तेच ठेवा, चालतंय’ म्हणून सोडून दिलं जातं. मग जुलैत ते भरून मशिनवर ओसंडतं आणि शिव्या नव्या पत्र्याला मिळतात. पाणी अडवणं हेच ज्यांच्या लेखी छताचं एकमेव काम, त्यांनी पाणी कुठून येतं याचा विचार कधी केला?

‘पत्रा हलका आहे, सांगाडा चालेल’. हा गैरसमज सर्वांत धोकादायक आहे, कारण तो वरवर तर्कशुद्ध वाटतो. जुना सिमेंटचा पत्रा चौरस मीटरला साधारण पंधरा किलो, नवा पोलादी पत्रा पाच किलो. भार घटला हे खरं. पण छताला नेहमीच खाली दाबणारा भार मोडत नाही. वादळात वर ओढणारा वारा मोडतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, नागपूरसाठीही तेवढाच, पुण्यासाठी ३९. ४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो भरतो. पुढे उंची, भोवतालची मोकळी जागा, छताचा उतार यांनुसार तो बदलतो, आणि छताच्या कडांना व कोपऱ्यांना ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. पाच किलोच्या पत्र्याला शंभर किलोंच्या घरातल्या ओढीपुढे स्वतःचं वजन काय कामाचं?

जुन्या जड छताचं निदान थोडं ओझं वाऱ्याच्या विरुद्ध उभं होतं. हजार चौरस मीटरच्या शेडवरून ते दहा टनांनी कमी झालं. जुना पत्रा वादळात फुटायचा आणि वाऱ्याला वाट मिळायची. नवा पत्रा फुटत नाही, तो सगळी ओढ स्क्रूकडे, स्क्रूतून पर्लिनकडे, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या तुळयांकडे, पर्लिनमधून ट्रसकडे, म्हणजे त्याखालच्या त्रिकोणी कैचीकडे, आणि ट्रसमधून खांबाच्या पायातल्या बोल्टकडे पोचवतो. पर्लिनचा जो भाग आजवर ताणाखाली होता, तो आता दाबाखाली येतो आणि त्याला बाजूने आधार नसेल तर पिळवटून वाकतो. चाळीस वर्षांपूर्वीचा सांगाडा या उलट्या भारासाठी तपासला होता का? बोल्ट किती गंजले आहेत हे कुणी खणून पाहिलं का? स्ट्रक्चरल इंजिनिअरचं शुल्क वाचवण्यासाठी हे प्रश्न गिळले जातात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घरांची, शाळांची, शेडची छपरं उडाली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गेलं. यानंतरही छताच्या कोटेशनमध्ये वाऱ्याचा वेग ही ओळ शोधूनही सापडत नसेल, तर त्याला काटकसर म्हणायचं की बेफिकिरी?

‘आमच्या वडिलांना काही झालं नाही’. ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. सर्व प्रकारचं अॅस्बेस्टॉस माणसाला कर्करोग करतं, ही जागतिक आरोग्य संघटनेची निःसंदिग्ध भूमिका आहे. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. भारतात मात्र आयात केलेल्या अॅस्बेस्टॉसपासून पत्रे अजूनही बनतात. हे तंतू फुप्फुसात गेल्यावर आजार दिसायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. म्हणून ‘काही झालं नाही’ हा पुरावा होऊच शकत नाही. पत्रे चढवून गावी परतलेल्या कंत्राटी मजुराला तीस वर्षांनी धाप लागली, तर ती कोणत्या शेडमुळे लागली याची नोंद कुणाकडे आहे? नोंदच नसेल, तर ‘कुणाला काही झालं नाही’ हे छातीठोकपणे कोण सांगतो आणि कशाच्या आधारावर? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉसच्याच प्रकरणात कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचा निवाडा दिला. त्यालाही आता तीन दशकं झाली.

धडधाकट पत्रा छतावर शांत पडून असतो तेव्हा धोका कमी असतो, हे मान्य. धोका आहे तो फुटताना, कापताना, भोक पाडताना, कोरडा चुरा झाडताना. आणि छत बदलण्याचं काम म्हणजे नेमकं हेच सगळं. आज ते कसं होतं? वरून हातोड्याने पत्रे फोडून खाली टाकले जातात, पोरं रुमाल बांधून चुरा गोळा करतात, धड राहिलेले पत्रे कुणाच्या तरी गोठ्यावर चढतात आणि तुकडे खड्ड्यांच्या भरावात जातात. करायला हवं ते अवघड नाही. पत्रे आधी पाण्याने ओले करावेत, हूकबोल्ट कापून पत्रा अखंड उतरवावा, ग्राइंडर लावू नये, कामगारांना तंतू गाळणारे योग्य मास्क द्यावेत, पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवावेत. अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. याला खर्च येतो. तो खर्च कोटेशनमध्ये नसतो म्हणून ते कोटेशन स्वस्त असतं. म्हणजे त्या स्वस्ताईची किंमत मजुराच्या फुप्फुसातून वसूल होते.

आणि तंतूंच्या आधीही एक मरण त्या छतावर दबा धरून बसलेलं असतं. जुना, ठिसूळ पत्रा पायाखाली एका क्षणात फुटतो आणि माणूस थेट खालच्या कोब्यावर किंवा मशिनवर पडतो. अशा बातम्या वर्तमानपत्रात दोन ओळींत येतात आणि संपतात. पत्र्यावर आडव्या फळ्या टाकणं, खाली जाळी बांधणं, कमरेला पट्टा आणि तो अडकवायला मजबूत दोर, एवढ्याने यातले बहुतेक मृत्यू टळतात. चौरस फुटाच्या भावात फळ्या, जाळी आणि दोर यांची ओळ नसेल, तर ते काम द्यायचा अधिकार मालकाला कुणी दिला?

‘उकाडा असतोच, पंखे लावू’. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवेचं तापमान ४५ अंशांवर जातं. तेव्हा उन्हात तापलेला पत्रा साठ अंशांच्या पुढे गेलेला असतो. हा पत्रा खालच्या माणसांवर दिवसभर उष्णता फेकत राहतो. ती किरणांनी येते, हवेतून नव्हे, म्हणून पंखा तिला अडवू शकत नाही. तो फक्त गरम हवा ढवळतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्याखाली आणि नव्या उघड्या पोलादी पत्र्याखाली बसून काम केलेल्या माणसाला विचारा. जुन्याखाली झळ कमी होती आणि पावसाचा आवाज एवढा कानठळ्या बसवणारा नव्हता. म्हणजे मालकाने लाखो रुपये घालून छत सुधारलं आणि छताखालच्या माणसाची अवस्था बिघडली. ही कसली सुधारणा?

यावर उपाय ठाऊक आहेत आणि जुने आहेत. पांढरा किंवा पांढरट रंग उन्हाचा मोठा वाटा परत पाठवतो; गडद निळा, विटकरी, हिरवा बहुतांश शोषून घेतो. नुसता चकचकीत, रंग न दिलेला पत्राही ऊन परावर्तित करतो, पण शोषलेली उष्णता किरणांनी सोडण्यात तो कच्चा पडतो म्हणून तापलेला राहतो. चमक आणि थंडावा या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र्याखाली काचतंतूंची किंवा रॉकवूलची गादी घातली की झळ तुटते, आवाज घटतो. फोम भरलेले सँडविच पॅनेल घ्यायचे तर आतला फोम कोणता, हे विचारलंच पाहिजे. पॉलियुरेथेन पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो, तर रॉकवूल पेटत नाही. जिथे वेल्डिंग चालतं किंवा सुताची रास असते, तिथे हा प्रश्न जिवाचा आहे. छतावर टर्बो व्हेंटिलेटरची रांग फिरताना दिसते, पण भिंतीत खाली हवा आत यायला जाळ्याच नसतील, तर ते ओढणार काय? तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. इचलकरंजी आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर उभी राहणारी माणसं तेलंगणातल्या माणसांहून कमी घाम गाळतात का?

आता शेवटचा मुद्दा : छत उत्पादन देत नाही, पैसा मशिनवर लावावा. हिशेबच करू. दहा हजार चौरस फुटांची शेड धरा. जाड पोलाद, चांगला लेप, पांढरा रंग, खाली गादी, सांगाड्याची तपासणी आणि जुन्या पत्र्याची रीतसर विल्हेवाट यांसाठी चौरस फुटाला चाळीस रुपये जास्त पडले असं समजा. चार लाख रुपये जास्त. हे छत पंचवीस वर्षं टिकलं तर वर्षाला सोळा हजार. शेडमध्ये चाळीस माणसं काम करत असतील तर माणशी वर्षाला चारशे रुपये, महिन्याला तेहतीस-चौतीस. दुपारी दोन ते चार या वेळात उकाड्याने मंदावलेले हात, चुकलेली मापं, रद्द झालेला माल, पावसात झाकावी लागलेली मशिनं आणि ओला झालेला कच्चा माल यांचा हिशेब कुणी या आकड्याशेजारी कधी मांडला आहे का? ज्या मशिनवर पैसा लावायचा, ते मशिन याच छताखाली उभं आहे.

आणि सोलर? आज प्रत्येक कारखानदाराला छतावर सोलर हवं आहे. पॅनेलच्या कामगिरीची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते. त्याखाली दहा-बारा वर्षांत बदलावं लागणारं छत घालायचं म्हणजे मध्येच सगळी पॅनेलं उतरवून परत चढवायची. पॅनेलं आणि त्यांची चौकट यांचं वजन, त्यांना लागणारा वारा, त्यांच्यासाठी पाडावी लागणारी भोकं हे सगळं छत निवडतानाच ठरलं पाहिजे. स्टँडिंग सीमच्या उभ्या कडेला पकडणाऱ्या क्लॅम्पवर भोक न पाडता पॅनेल बसतं. साध्या स्क्रूच्या पत्र्यावर ‘सोलरचं नंतर बघू’ म्हटलं, की नंतर नव्या पत्र्याला भोकं पाडावीच लागतात. वर्षाचं वीजबिल तोंडपाठ असलेल्या माणसाला छताच्या पंचवीस वर्षांचा हिशेब अवघड का जावा?

‘छोट्या उद्योजकाला हे सगळं परवडत नाही’ असं कुणी म्हणेल. ज्याला एकदम परवडत नाही, त्याने अर्धी शेड यंदा आणि अर्धी पुढच्या वर्षी करावी; कर्ज मशिनसाठी मिळतं तसं इमारतीसाठीही मिळतं. गादी नंतर घालता येईल, रंग मात्र आजच पांढरा घेता येतो आणि त्याला जास्त पैसे पडतीलच असं नाही. तपासणीचा खर्च छताच्या खर्चापुढे किरकोळ आहे. पण मजुराला मास्क न देणं आणि ठिसूळ पत्र्यावर फळी न टाकणं ही काटकसर कोणत्याही उद्योगाला, छोट्या वा मोठ्या, करण्याचा अधिकार नाही.

मग छत निवडायचं कसं? भाव विचारण्याआधी इंजिनिअरला वर पाठवा. त्याच्याकडून सांगाड्याचा, बोल्टचा आणि गटारांचा लेखी अहवाल घ्या. तुमच्या गावच्या वाऱ्याचा वेग, पावसाचा जोर, हवेतला क्षार किंवा आम्ल, शेडमधलं काम आणि तिथे उभी राहणारी माणसं यांवरून काय हवं ते तुम्ही कागदावर लिहा : पोलादाची जाडी बीएमटीमध्ये, लेप ग्रॅममध्ये, रंगाचा प्रकार, स्क्रूचा दर्जा आणि अंतर, कडांना व कोपऱ्यांना जादा स्क्रू, खालची गादी, गटाराचं माप, जुने पत्रे उतरवण्याची पद्धत आणि ते कुठे जाणार याची पावती. पत्रा जागेवर ग्राइंडरने कापायचा नाही, ठिणग्यांनी लेप जळून तिथून गंज सुरू होतो, हेही लिहा. हा एकच कागद सगळ्यांना द्या आणि मग भाव मागवा. तेव्हा तो भाव एकाच गोष्टीचा असेल आणि सर्वांत खालचा आकडा निवडला तरी कुणाचं नुकसान होणार नाही.

छत ही बाजारातून उचलून आणायची वस्तू नाही. ती इमारतीची रचना आहे, वाऱ्या-पावसाशी आणि उन्हाशी पंचवीस वर्षांसाठी केलेला करार आहे, आणि त्या कराराखाली सही मालकाची असली तरी तो पाळला गेला नाही तर भोगतो कामगार. भावाची चर्चा जरूर करा, घासाघीसही करा, पण सर्वांत शेवटी. छताखाली कोण उभं राहणार आहे आणि छतावर कोण चढणार आहे, हा पहिला प्रश्न आहे. ज्या कोटेशनमध्ये त्याचं उत्तर नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी परत पाठवा.